हॅरोतलं चेरोकी गाव

माधवकाका गेले हे काकूंनी फोनवर सांगितलं आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "डाव तसाच मांडलेला आहे रे... टेबल आवरू का?" मी ऑफिसात होतो. काका जाणार हे ठाऊक होतं, पण त्या टेबलाचं नाव निघालं आणि मला रडू आवरेना.

पुण्याला फोन करायला कॉलिंग कार्ड लागायचं त्या दिवसांत मी वर्क व्हिसावर लंडनला आलो आणि इथल्या हॅरो उपनगरात त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिलो. काका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत होते. कुणी परवानगीशिवाय घरामागे खोली वाढवली की नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. लोक नोटीस घ्यायचे, काकांना चहा पाजायचे आणि छप्पर पूर्ण करायचे. रिटायर झाल्यावर या माणसाने करमणूक कसली शोधावी? तर जुन्या अमेरिकेतल्या सरहद्दीचा खेळ, तोही स्वतः बनवलेला. जेवणाच्या टेबलावर नकाशा. काकूंकडे चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांची गावं, म्हणजे हळदीकुंकवाच्या वाट्या. माझ्याकडे त्यांच्या जमिनीत घुसणारे वसाहतवाले, म्हणजे शेंगदाणे. काका सरकार, आणि सरकारचे सैनिक म्हणजे मोजके फुटाणे. परवानगीशिवाय हल्ला करायचा नाही असा सरकारचा हुकूम. तो मी मोडला की काकांनी फासे टाकायचे, आणि फुटाणे वेळेत पोचले तर गाव वाचलं.

ते कधीच पोचले नाहीत. एकदा तर निम्मे मीच बोलता बोलता खाऊन टाकले होते. "सरकारच्या भरवशावर राहिले तर माझ्या गावाची होळीच," काकू म्हणायच्या. आम्ही हसायचो, पण काकांना ते लागायचं. "खरंच असं झालं होतं रे," ते म्हणायचे. "हुकूम निघत राहिले आणि गावं जळत राहिली... एकदाच, फक्त एकदाच हिचं गाव वाचवायचंय मला."

ते आजारी पडले तेव्हा मी गुपचूप हल्ले बंद केले. व्हायचं तेच झालं, त्यांच्या लक्षात आलं. "हे वसाहतवाले आहेत की बारशाला आलेले पाहुणे? दया दाखवतोस, गाढवा? तू नीट हल्ला कर, मी नीट अडवतो." मी नीट हल्ला केला, गाव जळलं, आणि काका कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. लगेच नवा डाव मांडला. दुसऱ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं.

त्या फोननंतर गेलो तर सगळं जिथल्या तिथे होतं. काकू त्यांच्या जागी बसल्या. मला माझ्या खुर्चीत बसवेना, म्हणून काकांच्या खुर्चीत बसलो.

"म्हणजे तू सरकार?"

"हो."

"मग हल्ला कोण करणार?"

"बघू... मिळेल कुणीतरी."

काकूंनी कडेची वाटी नीट लावली. मग म्हणाल्या, "हल्लाच झाला नाही म्हणून गाव वाचलं, तर हा विजय धरायचा नाही हं. त्यांनी धरला नसता."

"नाही धरायचा," मी म्हणालो.

काकू हल्ली ताट घेऊन सोफ्यावर जेवतात. मी शनिवारी जातो आणि फुटाणे बदलतो, इथल्या हवेत ते मऊ पडतात. तिसरा भिडू अजून मिळालेला नाही... खरं सांगायचं तर मी कुणाला विचारलेलंच नाही.