सतराचा म्हण

संध्याकाळचा कारखान्याचा भोंगा झाला, की आमचे हे घरी येऊन सायकल ओट्याला टेकवायचे आणि आधी मुलीला हाक मारायचे. "सतराचा म्हण." ती न अडखळता सतराचा पाढा म्हणायची. मग ते बूट काढायचे.

शेजाऱ्यांना वाटायचं, बापाला अभ्यासाची काय हौस! खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत. मुलगी पाठीच्या कण्यात फट घेऊन जन्मली. पायांना कॅलिपर, आणि डोक्यात पाणी साठू नये म्हणून कानामागून पोटापर्यंत कातडीखालून घातलेली नळी. चार वर्षांची असताना ती नळी तुंबली. ताप नाही, रडणं नाही. नुसती गप्प झाली, आणि मग उलट्या. ऑपरेशन झालं, वाचली. तेव्हापासून तिचं गप्प बसणं आमच्या घरात सोसवत नसे. पाढे चालू म्हणजे नळी चालू, असं कारखान्यात यंत्रं तपासणाऱ्या आमच्या यांनी ठरवूनच टाकलं.

त्यात आम्ही मराठी. पाठांतर चांगलं म्हणजे पोर हुशार, यावर हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या सगळ्या मराठी घरांचं एकमत. मंडळाच्या गणपतीत ती स्टेजवर तीसपर्यंतचे पाढे म्हणायची आणि बायका मला सांगायच्या, देवाने पायांचं डोक्यात भरून काढलं. माझं डोकं फिरायचं. कारण आनंद नगरच्या बाजारात चार लिंबं घे म्हटलं, की ही भाजीवाल्याच्या लेकीसुनांची चौकशी करायची आणि लिंबं मात्र मूठभर उचलायची. डॉक्टरांनी समजावलं होतं, या मुलांच्या मेंदूची घडणच थोडी वेगळी होते. बोलणं पुढे धावतं, मोजणं आणि अंदाज घेणं मागे राहतं. शिकेल, पण तिला वेळ द्या. हे ऐकून यांनी एकतीसचा पाढा सुरू केला.

दुसरीच्या शेवटी मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावलं. तिला शाळेत ठेवायचं की नाही, हे ठरणार होतं. तिला घेईल अशी दुसरी शाळा जवळपास नव्हती. काढलं असतं तर ती घरीच बसली असती.

त्यांनी टेबलावर खडूंचे दोन ढीग केले. "बेटा, किसमें ज़्यादा हैं? और कितने ज़्यादा?"

मुलीने ढिगांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैडम, आपकी साड़ी बहुत अच्छी है. मेरी आई के पास भी ऐसी है, पर वो पहनती नहीं." मग बाबांकडे बघून तिने आपणहून सतराचा पाढा सुरू केला. हे मान डोलवू लागले. मुख्याध्यापिकांनी पेनाला टोपण लावलं.

"देखिए, बच्ची बहुत प्यारी है, लेकिन..."

"एक मिनट," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मुलीला सांगितलं, "पाढे पुरे. जेवताना प्रत्येक वाटीत एक चमचा ठेवतेस ना, तसं कर. इकडचा एक खडू, तिकडचा एक. बोलू नकोस."

तिने हात पुढे केला. एक इकडचा, एक तिकडचा, शेजारी शेजारी. तिकडचे संपले, इकडचे काही उरले, आणि ती थांबली. ओठ मिटलेले, नजर एका जागी खिळलेली. ती चार वर्षांची असताना अशीच बसली होती. हे अर्धवट उठले, त्यांचं बोट तिच्या कानामागे नळी चाचपू लागलं.

"काय होतंय बाळा? डोकं दुखतंय? सतराचा म्हण बघू."

तिने मान झटकून त्यांचा हात बाजूला केला.

"बाबा, थांबा ना. मोजतेय मी."

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चार." उरलेले खडू तीन होते.

मुख्याध्यापिकांनी ते तिन्ही खडू तिच्या हातात दिले. "कल फिर गिनना. यहीं, मेरे पास बैठकर."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, यांनी सायकल ओट्याला टेकवली. मुलगी आत जमिनीवर खडू मांडून बसली होती, तोंडातून अक्षर नाही. हे दारात उभे राहिले. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि काही न विचारता खाली वाकून बूट काढले.