टीव्हीतलं गिऱ्हान

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी आमच्या शाळेत फळ्याएवढा टीव्ही आला आणि माझं डोकं फिरलं. गुडघे कुरकुरत होते, घरी नातू रांगायला लागला होता, पण या मास्तरीणबाई नव्या नवरीसारख्या मिरवत होत्या. बोट लावलं की गुरू गरगर फिरायचा, दोन बोटं फाकवली की शनीची कडी अंगावर यायची. मी उगाचच फाकवत राहायची.

गाव भाजीपाल्याचं. कारंज्याची एसटी धरली की अर्ध्या तासात बाजार. पोरं सकाळी मळ्यात जुड्या बांधून शाळेत यायची, त्यामुळे पहिल्या तासाला सातवीच्या वर्गात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास असायचा. टीव्ही येण्याआधी मी सूर्यमाला मैदानात शिकवायची. एक जाडजूड पोरगा मधोमध सूर्य, बाकीचे त्याच्याभोवती पळणार. पृथ्वी दरवर्षी धडपडायची. गुडघा फोडून घेतला तरी त्या पोरांना ते आयुष्यभर आठवतं, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, आता खरं विज्ञान आलं.

त्या टीव्हीत आकाश दाखवणारी एक सोय होती. गाव सांगा, तारीख सांगा, वेळ सांगा, त्या वेळी त्या गावावर चंद्र-तारे कुठं होते ते हुबेहूब दिसणार. मी पोरांना आज संध्याकाळचं आकाश दाखवलं, उद्याचं दाखवलं. तास संपला, सगळी डब्यांकडं पळाली आणि एक पोरगी मागं राहिली.

"मॅडम, हे मांगचं बी दाखवते का? माह्या जनमाच्या आंधीचं?"

तिला सगळं गाव ओळखत होतं ते तिच्या ओठावरून. जन्मतःच वरचा ओठ दुभंगलेला. लहानपणी ऑपरेशन झालं होतं, आता शिवणीची एक रेघ तेवढी राहिली होती आणि बोलणं जरा नाकातून. पोरगी हुशार. पण घरात तिच्या ओठाची एक कहाणी होती आणि ती कहाणी तिची आजी रोज नव्यानं सांगायची. दत्तजयंतीची संध्याकाळ होती, चंद्राला गिऱ्हान लागलं होतं, सून दोन जिवांची, तरी मळ्यात बसून पालक कापत राहिली, म्हणून लेकराचा ओठ कापला गेला. आईचं एकच म्हणणं होतं, त्या दिवशी गिऱ्हान नव्हतंच. इतक्या वर्षांत ती दुसरं काही बोलली नव्हती.

आता धाकट्या काकूला दिवस गेले होते. पुढच्या महिन्यात ओटी भरायची होती आणि आजीनं सांगून टाकलं होतं की थोरल्या सुनेचा, म्हणजे हिच्या आईचा, हात धाकटीच्या ओटीला लागता कामा नये. धाकटी रडली, तरी नाही. पोरगी मला विचारत होती ते एवढ्यासाठी. टीव्ही म्हणाला की गिऱ्हान नव्हतं, तर आजीला ऐकावं लागेल.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? दार लावून आधी स्वतः पाहिलं असतं. पाहुण्यांना वाढण्याआधी भाजीचं मीठ पाहतात, तेवढी अक्कल तर स्वयंपाकघरातही मिळते. पण मॅडमना प्रयोग करायचा होता. मॅडमनी शनिवारी साऱ्या आया आणि आज्यांना शाळेत बोलावलं. वर ग्रहणं दर सहा महिन्यांनी येतात, म्हणजे नऊ महिन्यांत जगात कुठं ना कुठं एखादं लागणारच, हे याच मॅडम फळ्यावर लिहून देत होत्या. लिहून देणं वेगळं, डोक्यात असणं वेगळं.

बाया आल्या, सतरंजीवर बसल्या. मी आधी शनी दाखवला. मागून कोणीतरी म्हणालं, "हा शनी म्हाराज? इतका साजरा?" सगळ्या हसल्या आणि मला अजूनच चढली. मग मी आजीला सगळ्यांदेखत दिवस विचारला. तिनं दत्तजयंती सांगितली. पोरीच्या जन्माआधीची दत्तजयंती काढून मी तारीख टाकली, गाव कारंजा टाकलं, वेळ दिवेलागणीची. चंद्र उगवला. पांढराशुभ्र, वाटोळा, कुठं डाग नाही. मी वळून बायांकडं पाहिलं. जादूगार टोपीतून कबुतर काढल्यावर पाहतो तसं.

"बघा," मी म्हटलं, "कुठं आहे गिऱ्हान?"

 सगळ्या माझ्या खांद्यावरून मागं पाहत होत्या. मी वळले तर चंद्राची कड काळी पडायला लागली होती. घड्याळ मी जोरात पळवून ठेवलं होतं, त्यामुळे डोळ्यांदेखत अर्धा गेला, मग सगळाच गेला आणि तांब्यासारखा लाल होऊन भिंतीवर लटकला. मी बंद करायला बोटं लावली तर तो मोठा झाला. दोन बोटं फाकवायची सवय.

आजी ओरडली नाही, टाळ्या पिटल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "म्या काय सांगून राह्यली होती? आता मशीनच बोललं." पोरीची आई उठली, पदर डोक्यावर सारखा केला आणि कोणाकडं न पाहता निघून गेली.

पोरगी मात्र जागेवरून हलली नाही. ती माझ्याकडं नाही, बायांकडं वळली. "या वर्गातले कितीक जन तवा पोटात होते," ती म्हणाली. "तुमी साऱ्याजनी त्या दिवशी काय करून राह्यल्या होत्या?"

खरं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दत्तजयंतीला कारंज्यात दर्शनाची गर्दी, महाप्रसादाच्या पंगती, भाजीला उठाव. त्या दिवशी गावात असा मळा नसेल जिथं विळा चालला नाही. पण 'मी पण पालक कापला' हे म्हाताऱ्या सासवांसमोर म्हणायचं कोणी? एकीनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं, एकीला एकदम गाईचं दूध काढायची आठवण झाली. सतरंजी रिकामी झाली. मी पुढं होऊन समजावू लागले, सावली, पृथ्वी, कक्षा. ऐकायला सतरंजी होती.

सोमवारी तिची आई फाटकापाशी उभी होती. भांडायला आली असेल असं वाटून मी आधीच बोलायला सुरुवात केली. ओठ गर्भात फार लवकर घडतो, तो का जुळत नाही याची कारणं शरीरात असतात, चंद्र त्यात येत नाही, कोणत्याही डॉक्टरला विचार. तिनं सगळं ऐकून घेतलं, हुशार लेकराची कविता ऐकावी तसं.

"मॅडम, म्या त्या दिवशी खाली मान घालून पालक कापून राह्यली होती. वर कोन पाह्यते? मले खरंच वाटे का गिऱ्हान नव्हतं. ते एकच बोलनं होतं माह्यापाशी. आता काय बोलू?"

मी म्हटलं, बोल की गिऱ्हान होतं आणि त्यानं काही झालं नाही. ती हसली. ते हसणं मला आवडलं नाही. पूर्वी ती सासूचं म्हणणं खोटं समजत होती. आता तिच्या मनातही ते शिरलं होतं आणि ते माझ्या टीव्हीच्या दारानं शिरलं होतं.

ओटीच्या दिवशी मला बोलावणं आलं. मॅडमचा मान म्हणून मला पुढं, पाटाशेजारी बसवलं. थोरली मागं चुलीपाशी पुऱ्या तळत होती, तिची पोरगी लाटत होती. बाया एकेक करून धाकटीची ओटी भरत होत्या, गाणी चालली होती. मधेच धाकटी पाणी प्यायच्या निमित्तानं उठली. माझं लक्ष होतं. चोंबडेपणा माझ्यात पहिल्यापासून आहे, मीही हात धुवायला म्हणून तिच्या मागं गेले.

धाकटीनं चुलीपुढं उभं राहून पदर पसरला होता.

"नको वं," थोरली म्हणत होती. "उद्या कमीजास्त झालं तं माह्यावरच येईन. अन् म्या बी मले माफ करनार नाही."

"मले तुमचाच हात पाह्यजे, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आनखी कोनी ओटी भरली काय अन् नाही काय."

पुरी तेलात करपली. थोरलीनं हात लुगड्याला पुसले, तांदळाचा डबा ओढला आणि ओंजळ भरली. नजर दाराकडं ठेवून ओतताना अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. पोरीनं एकेक दाणा वेचून काकूच्या पदरात टाकला. मग धाकटी पाणी न पिताच पुढं गेली. हे आम्ही चौघींनीच पाहिलं.

पुढचे महिने थोरलीनं कसे काढले ते मी पाहिलं आहे. भाजीची पाटी घेऊन बसथांब्यावर जाताना ती रोज शाळेशी थांबायची आणि हळूच विचारायची, यंदा आणखी गिऱ्हान आहे का. या वेळी मी दार लावून, एकटीनं पाहायची. धाकटीची कंबर दुखली तर ही जेवायची नाही. बाळ पोटात कमी हललं असं धाकटी सहज बोलून गेली, तर हिनं रात्र बसून काढली. मी पुन्हापुन्हा सांगत राहिले की तुझ्या हाताचा काही संबंध नाही. ती हो म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभी.

मुलगी झाली. ठणठणीत, ओठ गुलाबाच्या पाकळीसारखे, रडणं असं की पाळणा हलावा. बारशाला अख्खं गाव होतं. आजी पेढ्यांचं ताट घेऊन माझ्यापाशी आली आणि चार बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्यलं मॅडम? थोरलीचा हात लागू देला नाही, तं कसं साजरं लेकरू झालं."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पोरगी माझ्या कानाशी वाकली. तिचे डोळे चमकत होते.

"मॅडम, सांगू का आता?"

तिची आई पाठीशीच उभी होती, हातात रिकामं ताट घेऊन. तिनं लेकीचा दंड धरला.

"नको," ती म्हणाली, इतकं हळू की आम्हा दोघींनाच ऐकू आलं. "आज सांगशीन. उद्या लेकराले ताप आला तं?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मॅडमजवळ उत्तर असेल अशी त्या लेकराला अजून आशा होती. आजीनं पेढा पुढं केला. मी तो घेतला आणि अख्खा तोंडात टाकला, कारण भरल्या तोंडानं बोलावं लागत नाही.