खंडेनवमीचा शेंदूर आणि पहिला प्लग

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी नंदुरबारात मोटारी इतक्या थोड्या होत्या, की नुसता आवाज ऐकून बायका स्वयंपाकघरातून सांगत, कोणत्या शेठची निघाली. त्या सगळ्या मोटारींचं दुखणं-खुपणं आमच्या वस्तादांकडे येई. स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड, आत ते आणि मी. मी तेव्हा लग्न झालेला, मिशा राखलेला, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत असलेला मेकॅनिक होतो.

वस्तादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे मला ठाऊक होतं आणि वस्तादांना. तिसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही, असं न बोलता ठरलेलं. नट-बोल्ट ते बोटांनी ओळखत, बेअरिंगची झीज नखाने सांगत. बारीक रेघ, आकडा, खूण वाचायची वेळ आली की मी हळूच वाचून दाखवायचं. थोडक्यात, त्यांचे डोळे म्हणजे मी. आता पुढे काय झालं ते ऐका.

एका मारवाडी शेठची चार सिलिंडरची मोटार आमच्याकडे उघडून पडली होती. नवीन रिंगा, नवीन बेअरिंगं, सगळं इंजिन खालपासून वर केलं होतं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी शेठ स्वतः आले.

"मिस्तरी, दसराले मन्हा नवा जवाई सुरतनी गाडीवर येनार शे. तीन वाजाले मोटार ठेसनवर पाहिजे," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "आनि लोकं म्हनतस, तुम्हले आते बराबर दिखस नही. तसं व्हई ते सांगी द्या. मी यापुढे मोटार धुयाले धाडी देसू."

दुरुस्तीला धुळ्याला एका शेठची मोटार गेली की मागोमाग बाकीच्यांच्याही जाणार, हे आम्हा दोघांना कळत होतं.

"शेठ, दिखस नही ते मंग तुम्हना पायम्हाना नवा जोडा माले कसा दिखना?" वस्ताद म्हणाले.

शेठ पायांकडे बघून हसले आणि गेले. जोडा करकरत होता, ते काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता थोडं यंत्राचं सांगतो, म्हणजे माझा गाढवपणा नीट कळेल. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा पेट्रोलची हवा दाबत, एकदा जळालेला धूर बाहेर ढकलत. ठिणगी पडायला हवी ती दाबताना. ती वाटून देतो डिस्ट्रिब्यूटर. त्याच्या आतला फिरता काटा पहिल्या सिलिंडरच्या वेळी कुठे तोंड करून असतो, हे चुकलं की सगळं मुसळ केरात. म्हणून इंजिन उघडतानाच मी काट्याच्या तोंडासमोर, डिस्ट्रिब्यूटरच्या कडेवर एक खूण केली होती. रंग मिळाला नाही, तर मारुतीचा शेंदूर तेलात कालवून एक सुबक टिंब काढलं. इतकं सुबक, की वस्तादांना ते दिसत नाही याचंच मला वाईट वाटलं.

मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, जॅक, हातोडे, खोललेले भाग, सगळं मी धुऊन पुसून पोत्यावर मांडलं आणि उरलेल्या त्याच शेंदराची वाटी घेतली. माझी भक्ती एकदा सुरू झाली की आवरत नाही. एका पान्याला दोन टिळे, तर डिस्ट्रिब्यूटरसारख्या मानाच्या वस्तूला एकच लावायचा? मी त्याला चहूबाजूंनी लावले. वरून झेंडू.

दसऱ्याला सकाळी इंजिन बांधून झालं. फ्लायव्हीलवरची रेघ जागेवर आणली, म्हणजे पहिला पिस्टन वर आला, डिस्ट्रिब्यूटर हातात घेतला आणि खूण शोधू लागलो. कडेवर शेंदराची आठ टिंबं, सगळी सारखी सुबक.

"अंगठा लाई दखा का रे?" वस्तादांनी खोक्यावर बसल्या बसल्या विचारलं. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा, म्हणजे पिस्टन दाबतोय की नुसता वर येतोय ते कळतं.

"खूण करेल शे ना, वस्ताद," मी म्हणालो, आणि त्यातल्या त्यात जास्त गोल दिसणारं टिंब निवडलं.

दोन वाजता शेठ आले, रेडिएटरला झेंडूची माळ घातली. मी ऐटीत हँडल मारलं. कार्बोरेटरमधून असा बार निघाला की माळेतली फुलं शेठच्या पगडीवर आणि मी पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात. शेठ वस्तादांच्या डोळ्यांकडे टक लावून बघू लागले.

"हाडं शाबूत शेतस ना?" वस्तादांनी विचारलं. "मंग इकडे ये."

मी ओल्या धोतराने जाऊन त्यांच्या कानाशी वाकलो.

"खूण कथी गई?"

"पूजाम्हा गई, वस्ताद."

"तू पूजा करी का होयी खेयना?" माझ्या या होळीवर त्यांचं पोट हसण्याने हललं, तोंडावर रेघ नाही. मग ते मोठ्याने म्हणाले, "चाल, हात दे. पाय आखडी गया मन्हा."

मी हात दिला आणि त्यांना चार पावलं नेऊन पहिला प्लग काढून त्यांचा अंगठा गुपचूप भोकावर टेकवला. हँडल हळू फिरवू लागलो. एकदा पिस्टन वर आला, अंगठा जागेवरच. दुसऱ्यांदा भोकातून फुस्स आवाज झाला आणि अंगठा उचलला गेला.

"थांब. आते काटा कोठे शे?"

काटा बरोब्बर उलट्या दिशेला होता. सासरी निघालेली पोर माहेरच्या गाडीत बसावी, तसा. डिस्ट्रिब्यूटर उपसून अर्धा फेरा फिरवून बसवला, प्लग परत लावला. पुन्हा हँडल मारलं, आणि इंजिन सुरू झालं. मग वस्तादांनी स्वतः डिस्ट्रिब्यूटर मुठीत धरला, मान कलती केली, जरासा मागे, तीळभर पुढे, आणि आवाज मांजराने घुरघुरावं तसा झाला.

"मिस्तरी, तुम्ही डोया मिटीसन काम करतस का काय?" शेठ म्हणाले.

डोळ्यांचं नाव निघताच मी घाईघाईने हँडल पुसायला घेतलं.

"डोया उघडा ठेईसन करानं काम याले देयेल व्हतं, शेठ," वस्ताद म्हणाले. "दखं ना तुम्ही काय व्हयनं ते?"

शेठ पगडीवरची फुलं झटकत मनसोक्त हसले. मोटार वेळेवर स्टेशनवर गेली, जावयाला घेऊन आली, आणि संध्याकाळी शेठने रनाळे गावापर्यंत फिरवूनही आणली. धुळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. शेठला खरं कळलं होतं की नाही, कोण जाणे. पुढे शेडमध्ये आले की ते उंबऱ्यापासूनच मोठ्याने बोलत येऊ लागले, एवढं खरं.

पुढच्या खंडेनवमीला शेंदराची वाटी वस्तादांनी स्वतःकडे ठेवली. मला फक्त फुलं वाहायची परवानगी. चाचपत एकेका पान्याला एकच टिळा लावून झाल्यावर त्यांनी माझा उजवा अंगठा मागितला.

"हाऊ बी हत्यार शे," ते म्हणाले.

टिळा अर्धा अंगठ्यावर आणि अर्धा सदऱ्याच्या बाहीवर उमटला. तेलातला शेंदूर काही केल्या निघेना. बायकोने विचारलं, हा डाग कसला. मी म्हटलं, खूण आहे, राहू दे.