साडूंचा आक्षेप
शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या साडूंइतका घाबरट माणूस सापडायचा नाही. आणि भीतीचा इतका नीटनेटका कारभार तर साऱ्या जिल्ह्यात कुणी ठेवला नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, ते यजमान. राहतात शिरूरला आणि सरकारी कामांची छोटी ठेकेदारी करतात. शाळाखोल्यांची दुरुस्ती, गटारं, क्वचित एखादी पाण्याची टाकी. ऐन उमेदीत एका पानावर सही राहिली म्हणून त्यांचं टेंडर बाद झालं होतं. तेव्हापासून ते वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा सही करतात. टेंडर ऑनलाइन भरताना लागतं ते डिजिटल सहीचं बोटभर यंत्र त्यांनी देव्हाऱ्यात डबीत घालून ठेवलंय. ताई त्यालाही हळदकुंकू वाहत असतील, असं मी एकदा थट्टेनं म्हणालो. ते गंभीरपणे म्हणाले, "वाहू द्या. पाणी लागलं न्हाई म्हंजी झालं."

सरकारी टेंडरात एक अट असते. जे काम मागायचं, तसलंच काम आधी केल्याचा दाखला जोडावा लागतो. कागदावर त्याला 'तत्सम काम' म्हणतात. ही अट साडूंनी सगळ्या जगाला लावून टाकली. पुतणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला विचारलं, मागच्या तीन वर्षांत पाचशे पानांचं लग्न उरकलंय का, आणि त्या यजमानांना फोन लावून जिलेबीची चौकशीही केली. अपेंडिक्स काढून घ्यायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनाही ते हाच प्रश्न विचारणार होते. ताईंनी दंडाला धरून मागं ओढलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी माझी कागदपत्रं यांच्याकडेच तपासायला दिली होती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक वेलांटी चुकलेली निघाली. मला दौंडच्या कोर्टाबाहेर बसून प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तेव्हा कुठं सुपारी फुटली.

असा हा माणूस एका टेंडराच्या भांडणात पडला, आणि त्या आठवड्यात मी त्यांना जसं पाहिलं तसं पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

निमोण्याच्या बाजूच्या एका वस्तीवर उंच पाण्याची टाकी बांधायची होती. खाली अंगणवाडी, शेजारी शाळा. साडूंनी टेंडर भरलं. कागद उघडले तेव्हा एका बड्या ठेकेदाराचा नंबर पहिला लागला, साडूंचा दुसरा. त्या ठेकेदाराच्या दारात पुढाऱ्यांच्या गाड्या उभ्या असायच्या. काम त्याला मिळाल्यातच जमा होतं. पण टेंडरातली कागदपत्रं सगळ्यांना ऑनलाइन बघता येतात, आणि साडू ती इतरांच्या चुका काढायला नव्हे, स्वतःच्या भीतीपोटी शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांचा मला फोन आला. "पाव्हणं, त्यानं उंच टाकीचा दाखला जोडलाय. गाव तुमच्या दौंडकडचं हाय. जरा बघून येता का? पण कुणाला नाव सांगू नका. माझंबी, तुमचंबी."

मी शाळेत शिकवतो. रविवारी मोटारसायकल काढून गेलो. गावात एका आबांना विचारलं तर त्यांनी मला थेट टाकीपाशी नेलं. टाकी जमिनीवर होती. माझ्या छातीएवढी.

"उंच टाकी ती हीच का?" मी विचारलं.

"उंच?" आबा म्हणाले. "आमच्या म्हशी उभ्या उभ्या तोंड घालत्यात हिच्यात. तवा तुम्हीच ठरवा."

मी फोटो पाठवला. साडूंचा उलट निरोप आला, "म्हशीसकट पुन्हा काढा. उंची कळली पाहिजे."

त्यांनी आक्षेप दाखल केला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी दोन माणसं आली. योगायोगानं मीही तिथंच होतो. माणसं अतिशय नम्र होती. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला, कपबशा स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. जाताना एकजण म्हणाला, "धाकटी कॉलेजला जाते ना तुमची? सव्वासातच्या एसटीनं. खिडकीपाशी बसते. हुशार हाय पोरगी." एवढंच म्हणाला आणि दोघं गेले.

साडूंनी दाराला कडी लावली, मग खिडक्या लावल्या, मग पुन्हा कडी बघितली. ताई म्हणाल्या, "अर्ज मागं घ्या. आजच्या आज." ते फाइल उघडून पानं उलटायला लागले. घाबरले की त्यांचे हात आपोआप कागदाकडं जातात. आणि त्या उलटापालटीत त्यांना एक शुद्धिपत्रक सापडलं. टेंडर निघाल्यावर अटी बदलणारा एक छोटा कागद निघाला होता, आणि पानापानाला सही करणाऱ्या या माणसाच्या नजरेतून तो सुटला होता. अनुभवाच्या दाखल्यात जी टाकी दाखवायची, तिची उंची वाढवली होती. साडूंनी बांधलेली टाकी त्यात बसत नव्हती. म्हणजे पहिला अपात्र, तसा दुसराही. ऑफिसातही कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं. गप्प बसले असते तर पहिला बाद होऊन काम यांनाच मिळालं असतं, आणि त्यांना कामाची गरज होती.

सुनावणीला पुण्याला मीच त्यांच्याबरोबर गेलो. साऱ्या वाटेत त्यांनी फाइल सदऱ्याच्या आत पोटाशी धरली होती. गाडी मागं लागली की मान वळवून नंबर बघायचे. समोरच्या बाकावर तो ठेकेदार पायावर पाय टाकून बसला होता. यांनी उभं राहून म्हशीचा फोटो साहेबांपुढं ठेवला. फोटो टेबलावरून घसरून खाली पडला. मी उचलून दिला. साहेबांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आणखी काही म्हणायचंय?"

"व्हय साहेब," साडू म्हणाले. "मीबी बसत न्हाई. माझी टाकी बुटकी हाय. हे शुद्धिपत्रक."

ठेकेदारानं पाय खाली घेतला.

बाहेर आल्यावर मी चिडलो. तुमचं कुणी विचारलं होतं का, म्हणालो. ते जिन्याच्या पायरीवर बसले, बाटलीतलं पाणी प्याले. "पाव्हणं, त्या दोघांचं मला लई भ्या वाटतं. आत्ताबी वाटतंय. पण तेवढ्या उंचीवर मी कवा काम केलंच न्हाई. खाली अंगणवाडी. टाकी उभी ऱ्हायली असती, तरी मला जल्मभर झोप लागली नसती."

टेंडर रद्द झालं, नव्यानं निघालं, आणि टाकी भलत्याच कुणीतरी बांधली. चांगली बांधली असं म्हणतात. त्या दोन माणसांपैकी पुन्हा कुणी आलं नाही. साडूंना मात्र पुढं वर्षभर काम मिळालं नाही. आता ते दुसऱ्यांची टेंडरं तपासून देतात. त्यांच्या हाताखालून गेलेला कागद बाद होत नाही, असा शिरुरात लौकिक आहे.

धाकटी आता कारेगावला कंपनीत कामाला आहे. संध्याकाळी कंपनीची बस तिला शिरूरच्या थांब्यावर सोडते. मागच्या दिवाळीत ती मला हळूच म्हणाली, "काका, बाबा रोज औषधाच्या दुकानाआड उभे असतात. ते मला दिसत नाहीत, असं त्यांना वाटतं."

"मग तू काय करतेस?"

"मागं वळून बघत नाही," ती म्हणाली. "फक्त सावकाश चालते. त्यांचे गुडघे दुखतात हल्ली."