वहीभर बरोबरच्या खुणा

"जिग्ना, एवढ्या वह्या टिक करून दे ना," म्हणत मी गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. नववीचा गणिताचा तास चालू होता. जिग्नाने मागच्या बाकाकडे पाहिलं.

"मॅडम, मी जरा वेदिकाजवळ बसू? तिचं मायनसचं काहीतरी होतंय."

"नंतर बस गं. उद्या बुक चेकिंग आहे."

ती वह्या घेऊन बसली. असं जूनपासून दिवाळीपर्यंत चाललं होतं.

जिग्ना आमच्या भाईंदरच्या शाळेतली स्पेशल एज्युकेटर. म्हणजे ज्या मुलांना शिकताना वेगळी अडचण येते, त्यांना शिकवण्याचं खास प्रशिक्षण घेतलेली टीचर. आम्ही दोघींनी एकाच तासाला मिळून शिकवायचं होतं, त्याला को-टीचिंग म्हणतात. मी फळ्यावर समजावायचं, तिने अडलेल्या मुलाजवळ बसून नेमकं काय अडतंय ते टिपून ठेवायचं. मी बावीस वर्षं गणित शिकवतेय. कालची पोरगी माझ्या वर्गात उभी राहून बघणार, हे मला पटत नव्हतं. तिच्याकडून वह्या तपासून घेणं मात्र लगेच पटलं.

बुक चेकिंगला सुपरवायझर वह्या बघतात. वही पूर्ण हवी, एकही चूक राहता कामा नये. म्हणून मी गणितं फळ्यावर सोडवायचे आणि मुलं आपलं चुकलेलं खोडून तेच उतरवायची. वेदिकाचं अक्षर सुरेख. तिची वही मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायचे. परीक्षेत मात्र ती दरवेळी नापास.

दिवाळीनंतर जिग्नानेच पाठपुरावा केला. सरकारी हॉस्पिटलात तपासणी होऊन लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट मिळालं, तर वेदिकाला जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर मिळणार होता. तिचं नववी पास होणं त्यावरच अवलंबून होतं. हॉस्पिटलला शाळेकडून दोन गोष्टी हव्या होत्या, शिक्षकांची निरीक्षणं आणि वेदिकाची वही.

जिग्नाकडे निरीक्षणं नव्हती. कुठून असणार? मी स्टाफरूममध्ये चहा पिता पिता फॉर्म भरला. 'गणितात कच्ची. सराव करत नाही.'

"मॅडम, एवढं पुरणार नाही," जिग्ना म्हणाली.

"पुरतं गं. मी बघितलेत असे फॉर्म."

मी एकही बघितला नव्हता.

जानेवारीत वेदिकाची आई शाळेत आली. ती किनाऱ्यावरच्या पाली गावात राहते, मासे विकते. हॉस्पिटलात एक दिवस गेला होता, शाळेत येण्यात दुसरा. फाइल माझ्यापुढे ठेवून ती उभीच राहिली.

"टीचर, डॉक्टर बोलले, वहीत तर सगलं बरोबर हाय. मंग पोरीला अडचन कसली? शालेतून नीट लिवून आना बोलले. आता मे महिन्यातली तारीख दिलीय."

मी वही उघडली. पानापानावर लाल टिक. फळ्यावरून उतरवलेल्या माझ्याच गणितांवर मी जिग्नाकडून बरोबरच्या खुणा करून घेतल्या होत्या.

"माजंच चुकलं असंल," ती म्हणाली. "मना वाचता येत न्हाय. एखादा कागद ऱ्हायला असंल."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. "बघते काय करता येतं ते," एवढंच म्हणाले. जिग्ना शेजारीच होती. तिने वेदिकाच्या आईसाठी खुर्ची पुढे ओढली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रिन्सिपलनी दोघींना बोलावलं. "स्पेशल एज्युकेटर सहा महिने करत काय होती?" त्यांनी जिग्नाला विचारलं.

"माझ्या वह्या तपासत होती," मी म्हणाले. हे तोंडातून निघायलाही वेळ लागला.

मग जिग्ना रोज वेदिकाजवळ बसली. निरीक्षणांनी एक वही भरली. चिन्ह कुठे सुटतं, आकडे कुठे उलटे होतात, सगळं तारखेनिशी. पण हॉस्पिटलची तारीख काही अलीकडे आली नाही. सर्टिफिकेट हातात पडलं, तेव्हा निकाल लागून गेला होता. वेदिका यंदा पुन्हा नववीत, माझ्याच वर्गात आहे. तिच्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर दहावीत बसतात.

आता माझ्या वर्गात चुकलेलं गणित खोडायचं नाही, बरोबरचं खाली लिहायचं. परवा सुपरवायझरनी शेरा मारला, 'वह्या अस्वच्छ.' मी सही करून गठ्ठा घरी नेला. चूक दिसत राहिली तरच दुसऱ्या कुणाला तिच्यावर काही करता येतं, एवढं मी शिकले.

ओपन हाउसला, म्हणजे पालकांच्या भेटीच्या दिवशी, वेदिकाची आई येते. "तुमच्यामुलं सर्टिफिकेट झालं, टीचर," म्हणून हात जोडते. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.