गोठ्यातला बल्ब

आमच्या डिंगोऱ्यात शेतीची लाइट कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून गोठ्यातल्या बल्बचं बटण कायम चालूच असायचं. बल्ब पेटला की वडील विहिरीवर मोटार चालू करायला जायचे आणि विझला की घरी यायचे. ते वारल्यावर मी हौसेनं छतावर सोलर बसवलं, बॅटरी घेतली, गोठाही तिच्यावर जोडला. आता बल्ब विझतच नाही. आई दुपारभर त्याच्याकडं बघत बसते. काल चहा घ्यायला बोलावलं, तर म्हणाली, "लाइट गेल्याबिगर ते कसं येत्याल?" वैतागून मी बटण बंद केलं. आईनं उठून तीन कप मांडले. मी तिच्यावर खेकसणार, तेवढ्यात माझीच नजर विहिरीच्या वाटेकडं गेली.