चिठ्ठी नसलेल्या बाटल्या

आमच्या गल्लीतले अत्तरवाले चाचा बाटल्यांवर कधी चिठ्ठी लावत नसत. साबणवाल्याला गवती चहाचं तेल द्यायचं असो की उदबत्तीवाल्याला वाळ्याचं, ते डोळे मिटून बूच हुंगत आणि म्हणत, "असली हाय, घ्या." मग गिऱ्हाईक पुन्हा हुंगत नसे, तो त्यांचा अपमान झाला असता.

परवा तापातून उठून त्यांनी दुकान उघडलं. काल संध्याकाळी, आसपास कोणी नाही असं बघून, त्यांनी दोन बाटल्या माझ्या नाकाशी धरल्या.

"साहेब, ह्यात लवंग कुठली, निलगिरी कुठली, सांगा की. तापापासून मला कसलाच वास येत न्हाय."

त्याच दिवशी सकाळी त्यांनी डोळे मिटून, बूच हुंगून, माझ्या मुलीच्या दाढेसाठी लवंगेचं तेल दिलं होतं.